एक पाऊणे पाऊण

"बाजू, बाजू!" करत डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण अंगाला घासून जाते आणि पाटीतलं गार पाणी माझ्या खांद्यावर ओघळतं. पहाटेचे साडेचार वाजलेत. कुलाब्याचं ससून डॉक गजबजून गेलंय. वर पांढरे झगझगीत दिवे, खाली बर्फाचा चुरा, खवले आणि खारं पाणी यांचा राडा. सत्तरी ओलांडलेली माझी आत्या पातळाचा काठ वर खोचून एका खांबाला टेकून उभी आहे. ती भिगवणची. उजनी धरणाच्या काठावर तिचं आयुष्य गेलंय, त्यामुळे मासळीची आडत तिला नवी नाही. पण तिथं चिलापी, मरळ आणि वाम. इथं समोर ओतलेल्या ढिगांमधली निम्मी नावं ती मला विचारतेय आणि त्यातली निम्मी मी शेजारच्या कोळणीला.

"हे लाल लाल काय?"

"राणी मासा, आजी. घेता का वाटा?"

आत्या मान हलवते. मुंबई बघायला आलेय, मासळी घेऊन दिवसभर कुठं फिरू, असं काहीतरी पुटपुटते. पण तेवढ्यात वाकून एका माशाचा कल्ला उचलून आतला रंग पाहून घेते. सवय.

ट्रॉलर एकमेकांना खेटून लागलेत. मागच्या बोटीतली पाटी पुढच्या बोटीवर, तिथून धक्क्यावर. हातांची साखळी आहे आणि तिला मध्ये कुठं थांबायची मुभा नाही. आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रात काढून आलेल्या खलाशांचे डोळे तांबारलेले आहेत. माकूल, ढोमा, मांदेली, बोंबील, बळा. पापलेटांची एक छोटी रास बाजूला, बर्फात नीट मांडून ठेवलेली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हापासून त्याचा रुबाब वाढला असं म्हणावं, तर भावाने तो आधीच गगनाला भिडलेला होता. त्या राशीभोवती बोली चालू आहे. बोली लावणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्यांच्या आवाजापुढे बोटींची इंजिनंही फिकी.

ही गोदी १८७५ सालची. अल्बर्ट ससून यांनी समुद्रात भर घालून ती बांधली, ती मासळीसाठी नव्हे, कापूस नेणाऱ्या व्यापारी जहाजांसाठी. कापसाचे दिवस गेले, मासळीचे आले. बाजूच्या शेडमध्ये आता बायकांच्या रांगा बसल्यात, करंदी सोलतायत. बोटं इतकी झरझर चालतात की नुसती हालचाल दिसते, कृती दिसत नाही. सोललेली कोलंबी एका टोपात, टरफलं दुसऱ्या बाजूला. त्या टरफलांच्या ढिगावर मांजरं, ढिगाच्या वर कावळे, कावळ्यांच्या वर तारेवर घारी. उजाडायच्या आधीच घारी जाग्या आहेत. गोदीच्या तोंडाशी, दिव्यांचा उजेड पाण्यावर पडतो तिथं पांढरे कुरव तरंगतायत. हे पक्षी हिवाळ्यात हजारो कोस उत्तरेकडून येतात आणि इथं येऊन माशांची आतडी खातात.

"काही वाया जात नाही बघ," आत्या म्हणते.

बर्फ फोडणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळ्याला मी ओहोटीची वेळ विचारते. मोबाइलवर तक्ता आहे, तरी विचारते. तो हातातलं काम थांबवत नाही. "काल अवस झाली. आज पाडवा. तिथीची पाऊणपट करा."

आत्याचा चेहरा एकदम उजळतो. जुन्या शाळेत पाऊणकी, निमकी, सवायकी, दिडकी असे सगळे पाढे घोकून घेतलेली ती शेवटची पिढी. "एक पाऊणे पाऊण!"

"झालं तर मग. पाऊण वाजता भरती भरेल. त्याच्या सहा तास आधी सुकती."

मोबाइलमधला तक्ता आणि म्हाताऱ्याचं गणित यात फरक फक्त काही मिनिटांचा आहे. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, त्याच्यामागून पाणी येतं. अमावास्या-पौर्णिमेला ते सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. फाल्गुन शुद्ध प्रतिपदा आहे आज. आमचा सगळा दिवस याच एका पाढ्यावर बेतलाय: साडेसहाला खडक उघडे पडणार, दहाच्या सुमाराला शिवडीचा चिखल अर्धा बुडणार, दुपारी ठाण्याच्या खाडीत बोट चालेल इतकं पाणी असणार. लोकलच्या वेळापत्रकाला या शहरात किती मान आहे! त्याहून जुनं आणि कधीही न चुकणारं दुसरं वेळापत्रक मात्र किनाऱ्यावरच्या चार माणसांनाच पाठ आहे.

गाडी कोस्टल रोडने वांद्र्याकडे निघते. रस्ता मोकळा, गुळगुळीत. डाव्या हाताला अंधारात समुद्र आहे असं मानायचं. हाजी अलीचा दर्गा दिव्यांच्या माळेत दिसतो. त्याच्याकडे जाणारी पायवाट भरतीला पाण्याखाली जाते, आता ती कोरडी आहे. हा रस्ता होताना हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये उचलून कुलाब्याला नेव्हीनगरजवळच्या किनाऱ्यावर बसवले गेले. मुंबईत प्रवाळ आहेत हेच तोवर बहुतेक मुंबईकरांना ठाऊक नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला त्यांचं नाव आहे, म्हणून निदान परवानगी तरी घ्यावी लागली. बाकीच्या जिवांना कोण विचारतो? मी हे आत्याला सांगायला वळते, तर ती झोपलीय.

वांद्र्याला कार्टर रोडवर उतरतो तेव्हा फटफटतंय. फिरायला येणारे पायात महागडे बूट घालून कठड्याच्या आतल्या बाजूने झपाझप चाललेत. कठड्याच्या बाहेर समुद्र लांब, खूप लांब गेलाय, आणि काळ्या बसाल्टचं एक भलंमोठं पठार उघडं पडलंय. खाली उतरायला आत्याला हात देते. ती तो घेत नाही. चपला काढून हातात घेते आणि बोटांनी खडक चाचपत चालू लागते. माझ्या बुटांपेक्षा तिचे अनवाणी पाय जास्त घट्ट रोवतात.

पहिल्या पन्नास पावलांत दिसतो तो फक्त कचरा: पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य, एका देवाच्या तसबिरीची चौकट. इथूनच बहुतेक लोक परत फिरतात. जरा पुढं गेलं की खडकांच्या खोलगट जागी पाणी साठलेलं आहे. गुडघ्यावर बसायचं आणि वाट बघायची. आधी पाणी रिकामं दिसतं. मग एक शंख चालू लागतो. आत त्याचा मूळ मालक नाही, एक खेकडा भाड्याने राहतोय. मग दुसरा शंख. मग नखाएवढा पारदर्शक मासा. कडेच्या खडकावर हिरवट-तपकिरी बटणं एकाला एक लागून शिवल्यासारखी पसरलीयत. ते झोअँथिड, प्रवाळाचे चुलतभाऊ. मी मोबाइलचा दिवा पाण्यावर धरते तसं एक समुद्रफूल आपले धागे आत ओढून घेतं आणि गोळा होऊन बसतं.

"रागावलं," आत्या म्हणते. "दिवा काढ."

गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या या पाण्यात हे सगळं टिकून आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाने काही तरुणांनी २०१७ पासून असे किनारे पायी तुडवत शेकडो प्रजातींच्या नोंदी केल्या आहेत. ते सामान्य लोकांनाही बरोबर नेतात. त्यांच्याबरोबर फिरलेल्या माणसाला एक शिस्त लागते: दगड उलटा केला तर परत तसाच ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही.

थोड्या अंतरावर दोन बायका उकिडव्या बसून खडकावरची कालवं फोडतायत. हातात लोखंडी टोकदार हत्यार, शेजारी छोटा डबा. ठक, ठक, मग एक झटका, आणि करवंदाएवढा करडा गोळा डब्यात. आम्ही जवळ जातो. एकीच्या बोटांवर जुन्या कापण्यांच्या पांढऱ्या रेषा आहेत. त्या जवळच्याच कोळीवाड्यातल्या. पूर्वी तास-दीड तासात डबा भरायचा, आता पाणी परत येईपर्यंत बसावं लागतं, असं सांगतात. वरच्या रस्त्यावरच्या इमारतींत फ्लॅटची किंमत कोटींत मोजतात. त्या इमारतींतली माणसं बाल्कनीतून जो समुद्र बघतात, त्याच्यातूनच या दोघी रोजचं कालवण काढून नेतायत.

"पाणी फिरलं," त्यातली एक मान वर न करता म्हणते. मला काहीच दिसत नाही. पाच मिनिटांनी मघाशी कोरडी असलेली भेग भरलेली दिसते.

दादरला मिसळ होते. तिच्याबद्दल आत्याचं मत चांगलं नाही.

शिवडीच्या धक्क्याकडे जाणारा रस्ता मुंबईतल्या सगळ्यात कुरूप रस्त्यांपैकी एक असावा. टँकर, गोदामं, कोळशासारखी काळी धूळ, गंजत पडलेली लोखंडी धुडं. पर्यटनस्थळाची एकही खूण नाही. आणि मग धक्का येतो, समोर चिखलाचं मैदान उघडतं, आणि मैदान गुलाबी आहे.

पावणेदहा झालेत. पाणी आत येतंय, चिखलाची पट्टी अरुंद होत चाललीय, आणि तिच्यावरचे रोहित पक्षी पाण्याच्या पुढे पुढे सरकत आमच्याकडे येतायत. हजार असतील, जास्तही असतील. सगळ्यांच्या माना खाली. चोच उलटी करून चिखलावरून फिरवायची, पाणी आत ओढायचं, बाहेर टाकायचं. चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी जाळीत शेवाळ अडकतं. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानेच पिसं गुलाबी होतात. थव्यातून सतत एक घोगरा कलकलाट येतोय, त्यात मधूनच दोघांची भांडणं.

मी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहतेय. ती डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघते आणि मग म्हणते, "हे बुटके आहेत."

बरोबर आहे. भिगवणला, कुंभारगाव-डिकसळच्या पाण्यात उतरतात ते बहुतांशी मोठे रोहित: उंच, पांढुरके, काळ्या टोकाची फिकी चोच. इथं मुख्य वस्ती छोट्या रोहितांची. हे गडद गुलाबी आणि यांची चोच काळपट लाल. आत्या दुर्बिणीशिवाय दोघांना वेगळं काढते आणि मोठ्यांपैकी पाच-सहा जण दाखवून देते, अगदी आपल्या गावची माणसं भेटल्याच्या आनंदात. करड्या रंगाची काही पिल्लंही ती शोधते. "यांना अजून रंग चढायचाय."

आमच्या डोक्यावर उजवीकडून अटल सेतू निघालाय आणि खाडी ओलांडून पलीकडच्या धुक्यात शिरलाय. २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. पुलाचं काम चालू होतं त्या वर्षांत पक्षी इथून हटतील अशी भीती पक्षीमित्रांना होती. पुलाच्या या टोकाला आवाज अडवायला भिंती उभारल्यात. वरून गाड्या जातात, खाली माना खालीच आहेत. याचा अर्थ सगळं ठीक आहे, असा काढायला माझं मन धजत नाही. भुकेलेलं जनावर भोंग्याजवळही चरतं.

आणि हे पक्षी इथं आले कशामुळे? १९९० च्या दशकाआधी ते मुंबईत असे थव्यांनी दिसत नसत. अभ्यासकांचं म्हणणं असं की शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्याच्याबरोबर नत्र आणि स्फुरद येतं, त्यावर निळं-हिरवं शेवाळ माजतं, आणि छोट्या रोहिताला नेमकं तेच हवं असतं. सोप्या भाषेत, दीड-दोन कोट माणसांच्या मोऱ्यांवर हे सौंदर्य पोसलंय. लोक लग्नाआधीचे फोटो काढायला इथं येतात. धक्क्यावर आत्ताही एक जोडपं आलंय. तिचा झगा गुलाबी, पक्ष्यांना जुळेल असा. छायाचित्रकार त्यांना "थोडं अलीकडे, थोडं अलीकडे" करत जिथं उभं करतो, तिथं पलीकडे नाला खाडीत पडतोय. तो चौकटीत येणार नाही याची काळजी त्याने घेतलीय.

चिखलात खालच्या बाजूला निवट्या उड्या मारतायत, शेकाट्या लांब लाल पाय टाकत फिरतायत, तुतवार शेपटी हलवत काठाने पळतायत. साडेदहाला पाणी धक्क्याच्या दगडांना लागतं आणि गुलाबी रांग एकदम उठते. पंख उघडले की त्यांची आतली बाजू लाल आणि काळी. आत्या तोंडात पदर धरते. भिगवणला जन्मभर पाहिलेलं आहे, तरी.

ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्राच्या जेट्टीवर दीडला बोट सुटते. वेळ रोज बदलते. आज पाण्याची म्हणून दीड. ठाण्याची खाडी काठोकाठ भरलीय. दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत, पानांवर मिठाचे कण चमकतायत. श्वसनमुळं आत्ता पाण्याखाली आहेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, २०१५ मध्ये या खाडीचा काही भाग रोहितांसाठी अभयारण्य झाला, आणि २०२२ मध्ये खाडीचं नाव रामसर पाणथळ जागांच्या यादीत आलं. बोटीत अंगावर फुगीर जाकिटं चढवून बसलेले आम्ही वीसेक जण हे सगळं फलकावर वाचून आलोय. बोटीवरच्या तरुणाला फलकाची गरज नाही. तो इथल्याच कोळीवाड्यातला.

आत्या त्याच्या शेजारची जागा पटकावते. "मासळी मिळते का रे इथं?"

"मिळते मावशी. बोय मिळते, चिंबोरी मिळते. आजोबांच्या वेळी जिताडा मिळायचा, एवढा." तो सुकाणू सोडून हात पसरतो. "मग कारखाने आले. पाण्याला वास यायला लागला. माझ्या बाबांनी जाळं ठेवून नोकरी धरली."

"आणि तू?"

"मी पक्षी दाखवतो."

आत्या हसते. तोही हसतो, पण जरा कमी.

भरतीमुळे पक्षी खाडीच्या मधल्या चिखलावरून उठून कडेच्या उथळ जागांवर, पाणथळींवर जाऊन बसलेत. बोट भांडुपच्या बाजूला वळते तशी तिवरांपुढे एक गुलाबी रेघ दिसायला लागते, लांबच लांब. जवळ गेल्यावर रेघेचे पाय मोजता येतात. २०१९ च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मुंबईभरात केलेल्या मोजणीत हा आकडा लाखाच्या वर गेला होता. पुढे सोसायटीने काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. ते पावसाळ्याच्या तोंडाला गुजरातकडे गेले. उडतात ते बहुधा रात्री. २०२४ च्या मे महिन्यात अशाच एका रात्री उतरणाऱ्या विमानाला धडकून जवळपास चाळीस रोहित घाटकोपरच्या वस्तीत पडले. बोटीवरचा तरुण ही गोष्ट सांगत नाही. फलकावरही नाही.

तो सांगतो ती गोष्ट वेगळी आहे. रात्री इथं कोल्हेकुई ऐकू येते. तिवरांत सोनेरी कोल्हे आहेत. ओहोटीला चिखलात उतरून खेकडे खातात. "पाहुणे आले की घाबरतात. म्हणतात, शहरात कोल्हा कुठला? मी म्हणतो, शहर त्या बाजूला आहे, इथं आम्ही आणि ते."

अडीचला तो बोट फिरवतो. कुणीतरी अजून थोडा वेळ मागतं. "पाणी उतरतंय," एवढंच उत्तर.

पवईला थांबायचं कारण मगर. इंग्रजांनी पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तलावाचं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही, पण मगरींची त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही अर्धा तास जलपर्णीकडे टक लावून बघतो. एक ओंडका दिसतो. तो ओंडकाच निघतो. चहावाला म्हणतो, सकाळी यायला हवं होतं, उन्हाला काठावर पडलेली असते. तोच चहावाला सकाळी येणाऱ्यांना संध्याकाळी या म्हणत असणार, असं आत्याचं मत.

आरेत शिरेपर्यंत ऊन कलतं. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याचा कर्कश गोंगाट एका वळणावर मागे राहतो आणि दोन्ही बाजूंनी झाडं येतात. १९४९ पासूनची ही दुग्धवसाहत. तबेल्यांचा वास आधी लागतो, म्हशी नंतर दिसतात. तबेल्यांच्याही आधीपासून इथं वारल्यांचे पाडे आहेत. उत्तरेला, मध्ये नावापुरतीच कुंपणं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं: शंभरेक चौरस किलोमीटर जंगल आणि त्यात पन्नासच्या आसपास बिबटे. चहूबाजूंनी शहराने वेढलेल्या एवढ्याशा तुकड्यात इतके बिबटे जगात क्वचितच कुठं असतील.

एका पाड्याच्या टोकाशी झाडाखाली वाघोबा आहे. शेंदूर फासलेला दगड, वाघाची आकृती झिजून गुळगुळीत झालीय, समोर फोडलेल्या नारळाची करवंटी. घराच्या ओट्यावर पन्नाशीची बाई लसूण सोलत बसलीय. ती आत्याला पाणी देते आणि दोघींचं जमतं.

"आमच्याकडंही उसात यायला लागलाय आता," आत्या सांगते. "इंदापूर-बारामतीच्या बाजूला. माणसं रात्री मोटार चालू करायला जायला भितात."

"इथं आधीपासून आहे. येतो, कुत्रा घेतो, जातो."

"भीती?"

"पोरांना अंधार पडल्यावर एकटं सोडायचं नाही. संडासला जायचं तर दोघींनी, बॅटरी घेऊन. मोबाइलवर गाणी लावून चालायचं." लसणाची साल फुंकून ती पुढं म्हणते, "देव आहे तो. देवाच्या वाटेत बसू नये."

२०२२ च्या दिवाळीत आरेत एका सोळा महिन्यांच्या मुलीला बिबट्याने नेलं. त्याच्या आदल्या वर्षीही इथं हल्ले झाले होते, पिंजरे लागले होते. बाई त्याबद्दल बोलत नाही, आम्हीही विचारत नाही.

बिबट्याचं पोट इथं बऱ्याच अंशी भटक्या कुत्र्यांवर भरतं. कुत्री जगतात कचऱ्यावर. २०१८ मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला होता की उद्यानातले बिबटे वर्षाला दीडेक हजार कुत्री खात असावेत आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या आणि त्यातून होणाऱ्या रेबीजच्या कितीतरी घटना टळत असाव्यात. मी हे आत्याला समजावून सांगते. ती बोटं मोडत ऐकते.

"म्हणजे सकाळी माशांची आतडी घारी खात होत्या. मग मोऱ्यांचं ते रोहित खात होते. आता उकिरड्याचं हा खातो. कुत्र्याच्या वाटेनं, पण खातो उकिरड्याचंच." थोडं थांबून, "तुमच्या गावात टाकतात तरी किती!"

लसूणवाली बाई खदखदून हसते.

सात वाजत आलेत. निघतो. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी, एका वळणावर दोन रिक्षा, एक दुचाकी आणि एक टेम्पो दिवे चालू ठेवून थांबलेत. आमचा चालकही ब्रेक मारतो. कुणी हॉर्न वाजवत नाही, मुंबईत हे मला पहिल्यांदा ऐकू येतंय. रिक्षावाला हाताने खूण करतो: पुढं, डावीकडे, भिंतीवर. तबेल्याच्या बाजूला कुत्र्यांचा एक तारस्वर चाललाय, आणि तो मधेच कापल्यासारखा बंद होतो.

मी दुचाकीवरच्या पोराकडे बघतेय. पाठीवर चौकोनी पिशवी, हेल्मेटची काच वर केलेली, विशीतला. तो रिक्षाच्या अगदी मागे चिकटून उभा आहे.

"गेला, गेला," आत्या माझं मनगट दाबते. "शेपूट बघितलं. हाताएवढं जाड. तू कुठं बघत होतीस?"

झुडूप हललेलं मला दिसतं. बस्स.

रिक्षावाला म्हणतो, अजून पाच मिनिटं थांबा, कधी कधी मागून पिल्लू येतं. म्हणून सगळे थांबलेत. पोराचा फोन वाजतो. तो हळू आवाजात बोलायचा प्रयत्न करतो, पण पलीकडचा माणूस मोठ्याने बोलतोय.

"सर, रस्त्यात बिबट्या आहे... नाही सर, खरंच बिबट्या... हो, आरेतच... पाच मिनिटं लागतील."

पलीकडून काहीतरी विचारलं जातं. पोरगा आमच्याकडे बघून डोळे मिचकावतो.

"नाही सर, अजून गरम आहे. पिशवी बंद आहे."